जुन्या मोटारीची वंशावळ

मोटारगाडी मूळची चैनीची वस्तू. पुढे ती सोयीची झाली आणि आता बहुतेक घरांतून ती गरजेची समजली जाते. परंतु पन्नास वर्षांहून अधिक वयाची मोटार या तिन्ही वर्गांत बसत नाही. तिच्याहून अधिक वेगाची व कमी खर्चाची वाहने घरोघर असताना माणसे तिच्यासाठी पैसा आणि कष्ट वेचतात, ते कशासाठी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बेळगाव आणि निपाणी या सीमाभागात तर त्याला एक आगळे महत्त्व येते.

जुन्या मोटारींच्या शौकिनांत इटालियन गाड्यांचा मान मोठा. ‘ग्रान तुरिस्मो’ हा शब्दच इटलीचा. लांबच्या प्रवासाला वेगाने आणि तरीही आरामात नेणारी गाडी, असा त्याचा अर्थ. १९५१ साली आलेली लान्चिया कंपनीची ‘ऑरेलिया बी-२०’ ही या जातीचा आदर्श मानली जाते. असल्या उंची गाड्या आपल्याकडे विरळाच आल्या. मराठी माणसाच्या दाराशी खऱ्या अर्थाने आली ती तुरिन शहरच्या फियाट कंपनीची साधी, चार दारांची ‘अकराशे’. इटलीत तिला ‘मिलेचेंतो’, म्हणजे अकराशेच, म्हणत. १९५३ साली ती जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. त्याच वर्षी ‘तुरिस्मो व्हेलोचे’, म्हणजे वेगवान प्रवासाची, अशी तिची एक चपळ बहीणही निघाली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून ही अकराशे बाहेर पडू लागली. वालचंदांचे निधन त्याच्या आदल्याच वर्षी झाले होते.

१९६४ साली या गाडीचा ‘डिलाइट’ हा अवतार आला. १९७२ मध्ये तिला ‘प्रेसिडेंट’ म्हणू लागले आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. ती मिळविण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि म्हणूनच एकदा घरी आलेली गाडी सहसा विकली जात नसे. मुंबईच्या रस्त्यांवर काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने उभे आयुष्य काढले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी त्या टॅक्सीचाही निरोप झाला.

पुणे–बंगळूर रस्त्यावरचा कोल्हापूर ते बेळगाव हा टापू अशा गाडीला साजेसाच होता. कागल सोडून कोगनोळीवरून निपाणीत यावे, तवंदीचा घाट चढावा, संकेश्वर, हत्तरगी, काकती मागे टाकीत बेळगावात शिरावे. निपाणीपासून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, तर बेळगाव सुमारे पंचाहत्तर. निपाणी ही तंबाखूची पेठ आणि बेळगाव हे छावणीचे, शाळा-कॉलेजांचे व कारखान्यांचे गाव. व्यापार, लग्नकार्ये, दवाखाने, कोर्टकचेऱ्या यांसाठी माणसांची ये-जा अखंड चाललेली. चौपदरी रस्त्यावरून आज मोटारी घाट केव्हा चढल्या हे कळतही नाही. स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर बदलीत, पाण्याच्या काट्यावर नजर ठेवून फियाट वर चढे, तेव्हा मात्र घाट हा घाट वाटत असे.

अशी गाडी पुन्हा उभी करणे हे काम वाटते तितके सोपे नाही. या फियाटला निराळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट. जुन्या अमेरिकन गाड्यांप्रमाणे हिची बॉडी उचलून बाजूला ठेवता येत नाही. बेळगावच्या धुवांधार पावसात तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या कुजल्या, की केवळ शोभा जात नाही, गाडीचा कणाच खचतो. वरून रंगाचे चार हात देऊन असली गाडी विकणारे पुष्कळ असतात. जाणता मनुष्य प्रथम रंगाकडे पाहत नाही. तो गाडीखाली शिरून पत्र्यावर बोटांनी ठोकून पाहतो.

इंजिन त्यामानाने समजूतदार. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि सारे मिळून १०८९ घनसेंटिमीटर. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने पाणी आटून गाडी तापली की ते वाकते. परंतु बोअर वाढविणे, क्रँकशाफ्ट घासून देणे, झिजलेल्या भागाचा जोड नव्याने घडविणे, या कामांसाठी या भागाला दूर जावे लागत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम व लेथकाम यांची परंपराच आहे. एक नवी अडचण मात्र आहे. २०२३ पासून विक्रीस आलेल्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरमधील पडदे खराब होऊ शकतात. ते आधीच बदलून घेणे शहाणपणाचे.

पत्रा नवा घालता येतो, पिस्टन नवे बसविता येतात, गाद्यांना नवे कापड चढविता येते. एक गोष्ट मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ती म्हणजे गाडीच्या मालकांचा इतिहास. तो नोंदणीच्या जुन्या पुस्तकात असतो. आजच्या कार्डावर चालू मालकाचे नाव वाचावयास मिळते. त्या पुस्तकाच्या पानांवर मात्र एकाने घेतली, दुसऱ्याला दिली, बापाच्या पश्चात मुलाच्या नावे झाली, अशा साऱ्या नोंदी शिक्क्यांसह उतरलेल्या असतात. सीमाभागात तर हे पुस्तक म्हणजे प्रदेशाचाच लहानसा इतिहास होय. १९५५ साली बेळगावात नोंदलेल्या गाडीच्या पाटीवर मुंबई राज्याची अक्षरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यावर नोंदलेल्या गाड्यांना ‘एमवाय’ ही अक्षरे. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले. १९८९ पासून ‘केए’ आले. बेळगावला २२ आणि निपाणी ज्याच्या कक्षेत येते त्या चिकोडीच्या कार्यालयाला २३. २०१४ मध्ये गावाचे सरकारी नावही बेळगावी झाले. गाडी आपल्या गॅरेजातच उभी होती. बदलली ती तिच्याभोवतीची नावे.

म्हणून या भागातल्या जुन्या मोटारीच्या बाबतीत क्रमांकाचा प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तिला तेथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. निपाणीची गाडी कोल्हापूरच्या भाच्याने नेली, अंतर अवघे चाळीस किलोमीटर. पण कोगनोळी ओलांडून वर्ष लोटले की साठ वर्षांचा क्रमांक जावयाचा आणि त्या जागी ‘एमएच ०९’ यावयाचे. ज्या नात्यांनी ही सीमा कधी मानली नाही, त्यांच्या गाडीला ती मानावी लागते.

२०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली खासगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते. पूर्वी नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक राखण्याची मुभा आहे. नव्याने नोंदणाऱ्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने फिरविता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणावयाची असते. यातील सर्वांत मोलाची अट निराळीच आहे. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. तिचा सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असता कामा नये.

या अटीत जुन्या वस्तूंच्या जतनाचे सारे तत्त्व आले आहे. दुरुस्ती आणि कायापालट यांत अंतर आहे. दोन गाड्यांची मोडतोड करून एक चकचकीत गाडी उभी करणारा कारागीर कुशल असेल. पण त्या गाडीचा वंश तेथेच तुटतो. पाटीवरचा चॅसिस क्रमांक आणि पुस्तकातला क्रमांक यांचा मेळ बसला नाही, तर उरतो तो रंगविलेला पत्रा. याउलट ओरखडे असलेली, गादीवर जुने ठिगळ असलेली, पण कागदपत्रे अखंड असलेली फियाट खरी वारसा सांगते.

सीमाभागातील कित्येक वाड्यांच्या आवारात, गोणपाटाखाली, अशा गाड्या अजून उभ्या असतील. त्यांना मिस्त्री मिळेल, सुटे भागही शोधाअंती मिळतील. परंतु वडिलांच्या निधनानंतर कपाट आवरताना रद्दीत गेलेले नोंदणीचे पुस्तक पुन्हा मिळत नाही. ज्याला गाडी वाचवावयाची असेल, त्याने पाना हाती घेण्यापूर्वी ते पुस्तक शोधावे, कोरड्या जागी ठेवावे आणि त्यातली नावे घरातल्या मुलांना एकदा वाचून दाखवावी.