मस्टरवरची सही, हातातला काटा

पहाटेची एसटी पकडून आलेल्या आशाताई व गटप्रवर्तक भगिनींनो,

 

आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणातला सहभाग मोजायचा कसा, हा आपल्या या दोन दिवसांच्या परिषदेचा विषय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे जामखेडात आरोग्याचं काम सुरू केलं. त्यांनी घडवलेल्या आरोग्यसेविकांपैकी बऱ्याच जणींना सहीसुद्धा येत नव्हती. प्रशिक्षणासाठी त्या केंद्रावर मुक्कामाला यायच्या आणि सगळ्या जातींच्या बायका एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. त्यांचा सहभाग कुठल्या मस्टरवर सापडणार? पुढच्या खेपेला गावातलं काय सांगत येतात, त्यावरूनच तो कळायचा.

मी पुढे, आशा योजना आल्यावर, तालुक्याला प्रशिक्षक होतो. नवजात बाळाच्या घरभेटींचं पाच दिवसांचं सत्र घेतलं. तीस नावं, तीस सह्या, चाचणीत सगळ्या पास. अहवाल झकास! दोन महिन्यांनी एका आशाताईंबरोबर बाळंतिणीच्या घरी गेलो. वजन करायची वेळ आली तसा त्यांनी काटा माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "सर, तुम्हीच करा. तिथंही तुम्हीच करून दाखवलं होतं." बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, ६० किंवा जास्त भरले तर धोका, हे त्यांना तोंडपाठ होतं. मोजले मात्र कधीच नव्हते. पाच दिवसांत काट्याला त्यांचा हात लागला नाही, आणि माझ्या मस्टरमध्ये तसा रकानाही नव्हता.

'उशिरा आली' या शेऱ्यासाठी मात्र जागा होती. ज्या वाडीतून पहिली गाडीच साडेदहाला निघते, तिथली बाई दहाला पोचणार कशी? खरं तर तो शेरा माझ्या वेळापत्रकावर मारायला हवा होता. आता फोटो काढून हजेरी घेतात म्हणे. घ्या बापडे, पण फोटोतही भरलेल्या खुर्च्याच दिसतात.

चाचण्या बंद करा, असं मी म्हणत नाही. पण दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा घरभेटी असतात, घरी झालं तर सात. त्यातल्या पहिल्या भेटीला आशाताईंसोबत कोण गेलं आणि काटा कुणी धरला, एवढं तरी दोन दिवसांतल्या प्रत्येक निबंधवाचकाला विचारा.

आमची सुरुवात आम्ही केली आहे. प्रत्येक सत्रात इथली एक आशाताई शेवटच्या रांगेत वही घेऊन बसेल. सभागृहातून किती जणी बोलल्या आणि व्यासपीठाने किती मिनिटं खाल्ली, दोन्ही ती लिहील. आत्ताही ती घड्याळाकडे बोट दाखवतेय. तेव्हा आटोपतो. जेवण साडेबाराला, पिठलं-भाकरी आणि ठेचा. ठेचा जरा जपून घ्या.