किट वाटून झाल्यावर



रमजानला महिनाभर राहिला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रेशन किटची यादी फिरायला लागते. आटा, तांदूळ, तूरडाळ, साखर, चहापत्ती, तेलाची पिशवी, खजूर. खाली क्यूआर कोड. तुमच्यातले बरेच जण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पिशव्या बांधत बसतात, हे मला ठाऊक आहे. कौतुक तुमचं पुष्कळ झालेलं आहे, म्हणून ते मी आज करणार नाही. कामाचंच बोलू.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, तेव्हा मालेगाव-भिवंडीचे माग थांबले. मागावरच्या कामगाराची मजुरी आठवड्याची, तीही जितकं कापड निघालं तितकी. शिल्लक कुठून असणार? एप्रिलपासून माणशी ५ किलो जादा धान्य सरकारने जाहीर केलं, पण ते कार्डावर. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्याचं कार्ड गावी, आणि तो इथे दहा बाय दहाच्या खोलीत. अशांच्या घशाखाली घास गेला तो गल्लीतल्या पोरांमुळे. कुणी मशिदीच्या अंगणात देग चढवली, कुणी गुरुद्वाऱ्यातून जेवण आणलं, कुणी आपल्या घरचं पीठ अर्धं केलं.

तेव्हा एक गोष्ट नीट कळली. किट देणाऱ्याच्या डोक्यातून तयार होतं, घेणाऱ्याच्या चुलीवरून नाही. एका खोलीत चौघे राहणारे मजूर खाणावळीत जेवतात, त्यांच्याकडे कुकरच नसतो. त्यांना कच्ची तूरडाळ देऊन काय उपयोग? ज्या घरी सिलिंडर संपलाय तिथे दहा किलो धान्य कोपऱ्यात पडून राहतं. शुगरच्या पेशंटला आपण दोन किलो साखर देतो! आणि सॅनिटरी पॅड, अंगाचा साबण, बाळाची दूध पावडर, ब्लडप्रेशरच्या गोळ्या या गोष्टी यादीत येत नाहीत, कारण यादी करायला बसलेले सगळे पुरुष असतात. मोहल्ल्यातल्या एखाद्या आपाला त्या बैठकीत बसवा, यादी आपोआप बदलेल.

फित्र्याकडेच बघा. तो ईदच्या नमाजाआधी पोचवायचा असतो, म्हणजे ईदच्या दिवशी कुणाला हात पसरावा लागू नये. आपल्या कोकणातल्या शाफई घरांत आजही कित्येक जण तो तांदळातच काढतात, कारण तिथलं रोजचं अन्न तांदूळ आहे. घेणारा काय खातो आणि त्याला ते कधी लागतं, हा विचार त्यात आधीच आहे. आपण मात्र सव्विसाव्या-सत्ताविसाव्या रोजाला किट घेऊन निघतो आणि सोबत फोटोग्राफर नेतो.

फोटोबद्दल माझं मत कडक आहे. देणगीदाराला हिशोब हवा असेल तर दुकानाची पावती दाखवा, पिशव्यांचा ढीग दाखवा. कुणाच्या आईचा चेहरा दाखवायचा नाही. जे मागत नाहीत, ज्यांच्याकडे बघून वाटतं की यांचं बरं चाललंय, त्यांची दखल कुरआनानेही घेतली आहे. फोटो निघणार म्हटल्यावर तेच लोक पहिले रांगेतून बाहेर पडतात. उरतात ते सराईत.

मग अशी घरं शोधायची कशी? किराणावाल्याला विचारा. त्याच्याकडे उधारीची वही असते, आणि मोहल्ल्यात कुणाचं कधीपासून बिनसलंय हे त्या वहीइतकं कुणालाच माहीत नसतं. रोज पाच रुपयांचं तेल, दहाची चहापत्ती असा सुटा माल कोण नेतंय, तीन महिने उधारी कुणाची फिटली नाही, त्याला सगळं ठाऊक असतं. त्याने नावं सांगायचीही गरज नाही. तुम्ही पैसे जमा करा, तो उधारी कापेल. घरातली बाई स्वतःला हवं ते निवडून घेईल, आणि पैसे कुणी भरले हे तिला कळायचंही कारण नाही. दुकानदार मारवाडी असो की मोमीन, विश्वासाचा असला म्हणजे झालं. त्या वहीत शेजारच्या गल्लीतली हिंदू, बौद्ध घरंही निघतील. जकातीचे नियम आलिमांना विचारा. पण जकातीशिवायही आपल्या खिशात पैसा असतो. १८७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई ओतूरहून जोतिरावांना पत्रात लोकांचे हाल कळवत होत्या आणि सत्यशोधक मंडळी धनकवडीच्या आश्रमात उपाशी पोरांना जेवू घालत होती. भुकेल्याला जेवू घालायची ही रीत आपल्या याच मातीतली आहे.

आता शेवटचं, आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. किट पंधरा दिवस चालतं. रेशन कार्ड दर महिन्याला चालतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटात माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो धान्य हा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्याच कायद्यात घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख मानलंय. तरी तलाक झालेली मुलगी माहेरी येते तेव्हा तिचं नाव सासरच्याच कार्डावर अडकलेलं असतं. नाव कमी केल्याचा दाखला मिळेपर्यंत तिचं आणि लेकरांचं धान्य बंद. तो दाखला आणायला पुरवठा विभागात चार खेपा घालाव्या लागतात, आणि तिला एक दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही. तुम्हाला परवडतं. परराज्यातल्या मजुराला त्याच्या गावच्याच कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं, अंगठा लावला की झालं. हे कित्येकांना अजून कुणी सांगितलेलंच नाही.

तेव्हा यंदा किटसाठी नावं लिहून घ्याल तेव्हा वहीत एक रकाना जास्त आखा: कार्ड आहे का, कुणाच्या नावावर, आणि मागच्या महिन्यात धान्य मिळालं का. ईदनंतरच्या सोमवारी तीच वही घेऊन तहसीलला जायचंय. दोघे-तिघे तरी चला. एकट्या पोराला तिथे उभंसुद्धा करत नाहीत.