दोन वह्या आणि एक शब्द



माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. संगणक हा काही माझा विषय नव्हे. पण तो आपल्या पायांनी माझ्या दारी आला. घाटकोपरचा एक कामगार पगाराच्या दुसऱ्या दिवशी युनियनच्या कचेरीत आला. त्याने एटीएममधून दोन हजार रुपये मागितले होते. खात्यातून रक्कम वजा झाली; यंत्रातून नोट एकही आली नाही. बँकेत उत्तर मिळाले, 'सिस्टिममध्ये अडकले आहेत.' मग ते पैसे होते कोठे? या प्रश्नाच्या मागे लागून जे शिकलो, तेच आज सांगतो.

एका व्यवहाराच्या नोंदी दोन ठिकाणच्या दोन संगणकांत व्हायच्या असल्या, तर नियम एकच: दोन्ही व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. याची एक रीत जिम ग्रे या अमेरिकन संशोधकाने 1978 साली नीट मांडली. एक संगणक समन्वयक होतो. तो आधी प्रत्येकाला विचारतो, 'तयार आहात काय?' प्रत्येकजण आपल्या वहीत नोंद करतो आणि मगच 'होय' म्हणतो. सर्वांचे 'होय' आले, तर हुकूम सुटतो. एकानेही नकार दिला, तर सर्वांचेच रद्द.

आम्हा युनियनवाल्यांना हे नवीन नाही. संयुक्त कृती समिती प्रत्येक संघटनेला संपाविषयी असेच विचारते. एकदा 'होय' म्हटले की एकट्याने माघार घेता येत नाही. पण समितीचा निरोपच आला नाही तर? कामगार फाटकावर उभा. धड आत नाही, धड बाहेर नाही. संगणकाचेही तसेच होते. 'होय' म्हटल्यावर समन्वयक बंद पडला, तर ती नोंद अधांतरी राहते.

एटीएमची अडचण आणखी निराळी. खात्यातील नोंद पुसता येते. हातात पडलेली नोट यंत्राला परत ओढता येत नाही. म्हणून आधी रक्कम वजा होते, आणि नोटा न निघाल्यास ती उलट जमा करायची असते. मध्येच संदेश तुटला, तर यंत्राची नोंदवही आणि बँकेची वही ताडून पाहावी लागते.

तेव्हा अशी व्यवस्था लावणे म्हणजे नुसत्या तारा जोडणे नव्हे. उत्तराची वाट किती सेकंद पाहायची, नोंदवही कोठे जपायची, बंद पडलेले यंत्र उठल्यावर कोणती वही प्रमाण मानायची, आणि रात्रपाळीला ताळा कोणी पाहायचा, हे सारे माणसांनी ठरवायचे असते. चुकीची किंमत कोणी सोसायची, हेही त्यांनीच ठरवायचे.

रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी ते ठरवून दिले. एटीएममधून पैसे न निघाल्यास व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत जमा झाली पाहिजे. पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता.

आमच्या माणसाचे पैसे बाराव्या दिवशी आले. सात दिवसांचे सातशे रुपये मात्र आम्हांला अर्ज करून मागावे लागले. यंत्राला आपली चूक सुधारण्याची रीत शिकवलेली होती. ती पाळली गेली की नाही, हे पाहणारा माणूस जागेवर नव्हता.

1983 साली बँक कर्मचारी संघटनांनी यंत्रीकरणाचा करार केला, तेव्हा वाद होता तो यंत्र आल्यावर माणसाचे काय, हा. आज माझी मागणी साधी आहे: दोन वह्या जुळत नाहीत तेथे जबाबदार माणूस असावा, आणि त्याचे नाव खिडकीवर लिहिलेले असावे.