डोंगरातली फुले अंगणात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी 'बागेविषयी चार शब्द सांगा' असे म्हटले, तेव्हा मी आढेवेढे न घेता होकार दिला. कारण गेली कित्येक वर्षे आपल्या घराघरांतून मी एक वाक्य ऐकत आले आहे : "या डेन्व्हरला काही म्हणून येत नाही हो!" मोगऱ्याची कुंडी थंडी पडण्याआधी तळघरात न्यायची, मे महिन्यात वर आणायची, जास्वंदीला हिवाळाभर खिडकीशी बसवायचे, आणि एवढे करून चार फुले आली की ती देवाला. या हौसेला मी नावे ठेवीत नाही. पण कुंड्या जड होत जातात, आपले गुडघे काही तरुण होत नाहीत, आणि मग एके वर्षी कुंडी वर येतच नाही. अशी बाग सोडून दिलेल्या चारपाच जणी तरी मला समोर दिसत आहेत. मुख्यतः त्यांच्यासाठी मी उभी राहिले आहे.

या जमिनीची स्वतःची फुले आहेत. त्यांपैकी एका कुळाचे नाव पेन्स्टेमॉन. तिळाचे फूल ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे फूल ओळखायला अडचण पडणार नाही. तशीच नळी, तसेच पुढे आलेले ओठ : वर दोन पाकळ्या, खाली तीन. आत पाच केसर असतात, पण त्यांतल्या चारांवरच पराग असतो. पाचवा वांझ, आणि पुष्कळदा केसाळ. त्यावरून इथले लोक याला 'दाढीवाली जीभ' म्हणतात. नाव काही गोजिरवाणे नाही, पण फूल फार देखणे आहे. या कुळात पावणेतीनशेच्या आसपास जाती आहेत, आणि जवळजवळ सगळ्या उत्तर अमेरिकेच्या.

रोपवाटिकेत मोठ्या फुलांचे, भडक रंगांचे पेन्स्टेमॉन मिळते ते घेऊ नका. त्याचे मूळ मेक्सिकोचे. युरोपातल्या मवाळ हवेत वाढवून, संकर करून ते मोठे केले. आपल्याकडचा हिवाळा त्याला बहुधा सोसत नाही. आपल्याला हव्यात त्या फारशा कोणी न विचारलेल्या डोंगरी जाती. स्ट्रिक्टस ही निळ्या-जांभळ्या फुलांची. आपल्या चिकण मातीतही निभावते, म्हणून पहिल्या वर्षी तीच लावा. मेन्सारम ही कोलोरॅडोच्या पश्चिम भागातल्या ग्रँड मेसाकडची. गडद निळी, कमरेपर्यंत येणारी. पिनिफोलियसची पाने देवदाराच्या सुयांसारखी आणि हिवाळ्यातही हिरवी, फुले केशरी-तांबडी. तिच्यावर गुंजनपक्षी येतो. बाकीच्या मे-जूनमध्ये फुलून बसतात तेव्हा रोस्ट्रिफ्लोरस ऐन उन्हाळ्यात तांबडी होते. आणि पामेरी, यूटा-नेव्हाडाकडची, चार-पाच फूट उंच, फिक्या गुलाबी फुगीर फुलांची. या कुळात वास दुर्मिळ, पण हिला गोड वास आहे. देवाला चालते का, असे मला नेहमी विचारतात. आमच्या देवाला चालते.

आता लावायचे कसे? इथे आपल्या हाताला आवर घालावा लागतो. आपल्या हाताला सवय आहे शेणखताची, रोजच्या तांब्याभर पाण्याची. या झाडांना दोन्ही नको. डेन्व्हरला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी पंधरा इंचांच्या आतबाहेर, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ निम्मे. त्यावर जगणारी ही झाडे आहेत. खत घातले की ती लुसलुशीत होऊन आडवी पडतात, आणि हिवाळ्यात बुडाशी ओल राहिली की कुजतात. जागा उन्हाची आणि जरा उताराची निवडा. रोपाच्या मुळांना लागलेली रोपवाटिकेची भुसभुशीत माती धुऊन काढा, आपल्याच मातीत लावा, आणि भोवती लाकडाचा भुसा न पसरता बारीक खडी पसरा. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी; दुसऱ्या वर्षापासून फार कोरडे पडले तरच. पाण्याची इथे काय किंमत आहे ते सांगायला नको. घराच्या पन्हळीचे पाणी पिंपात धरायलाही कोलोरॅडोत २०१६ सालापर्यंत बहुतेक घरांना कायद्याने मनाई होती! आता दोन पिंपांची, मिळून ११० गॅलनची, मुभा आहे. या फुलांना तेवढे पुष्कळ झाले.

नेब्रास्कात वाळूच्या टेकड्यांवर याच कुळातली हायडेनी नावाची जात आहे. वाऱ्याने वाळू उडून जिथे खळगे पडतात तिथेच ती वाढते. माणसांनी वणवे आवरले, चराईला शिस्त लावली, वाळूवर गवत धरले. जमीन सुधारली, आणि हे फूल दिसेनासे झाले. ते नामशेष झाले असेच लोक धरून चालले होते. १९६८ साली ते पुन्हा सापडले, आणि १९८७ पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. आपल्याच राज्यात क्रेमलिंगजवळच्या थोड्याशा उजाड टेकाडांवर पेनलँडी आहे. ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. तेव्हा डोंगरात फिरायला गेलात तर फुले डोळे भरून पाहा, पण खुरपे गाडीत ठेवा. उपटून आणलेले रोप बहुधा जगत नाही, आणि तिथली जागा मात्र रिकामी होते.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर मला बोल लागणार नाही. ही झाडे दीर्घायुषी नव्हेत. चार-पाच वर्षे, कधी त्याहूनही कमी. म्हणून फुले सरली की सगळे दांडे कापू नका. दोन-तीन वाळू द्या. बी आपोआप पडते आणि खडीतून नवी रोपे उठतात. झाडावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक गांधीलमाशी दिसेल. तिच्यावर फवारा मारू नका. ती पिलांना किडे न भरवता याच फुलांचा पराग भरवते, आणि आपल्या वाटेला जात नाही.

बी पेरणे तर अगदीच सोपे, कारण त्याला थंडीच लागते. नोव्हेंबर-डिसेंबरात कुंडीत रेतीमिश्रित माती घ्या, वर बी भुरभुरा, नखभर खडी पसरा आणि कुंडी बाहेर बर्फात ठेवून द्या. एप्रिलच्या सुमारास कोंब दिसतील. पहिल्या वर्षी नुसता पानांचा चक्राकार झुबका येईल. फुले दुसऱ्या वर्षी.

यंदाचे बी मी पुड्या बांधून आणले आहे. चहाच्या टेबलाशी पितळी डब्यात आहे, प्रत्येक पुडीवर नाव लिहिले आहे. त्याला उग्र वास येतो, म्हणून पर्समध्ये फराळाच्या डब्याशेजारी ठेवू नका. स्ट्रिक्टस सगळ्यांना पुरेल. पामेरीच्या मात्र सहाच पुड्या आहेत, त्या ज्यांनी बाग सोडली आहे त्यांनी आधी घ्याव्यात.