बार्शीच्या शाहिराची आठवण
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सायंसभेंत केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आम्हांस आज्ञा केली कीं, या प्रांतांतील गायनाविषयीं चार शब्द सांगावे. आमच्या अंगीं गायनाचें ज्ञान नाहीं. आमचा अधिकार केवळ श्रोत्याचा. म्हणून आज एका लोकगायकाविषयीं बोलावयाचें तें त्यांच्या श्रोत्यांच्याच तोंडून बोलावें, असें आम्हीं ठरविलें. ते गायक म्हणजे शाहीर अमर शेख.

हें नांव समितीपुढें ठेवितांच एका वडीलधाऱ्या सभासदांनीं विचारिलें, "हे आपले कोण? ना आपल्या धर्माचे, ना आपल्या जिल्ह्याचे; शिवाय लाल बावट्याचे!" प्रश्न रास्त होता. १९४९ सालीं रोमहून साम्यवादी पक्षाच्या सभासदत्वाविरुद्ध आज्ञापत्र निघालें होतें, आणि ज्यांचें बालपण त्यानंतरच्या वर्षांत गेलें त्यांच्या मनावर त्याचा ठसा राहिला आहे. त्या बैठकींत आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आज देण्याचा यत्न करितों.

आपल्या तरुणांस अमेरिकेंतील ग्रामीण ढंगाचीं गाणीं गाणारे जिम रीव्ह्ज ठाऊक आहेत. ते १९६४ सालीं विमानाच्या अपघातांत निवर्तले. तरी नाताळ जवळ आला कीं त्यांचा तो मऊ आवाज आपल्या घरांतून ऐकूं येतो. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आम्हीही तीं गाणीं आवडीनें ऐकतों. परंतु समुद्रापलीकडचा गायक इतका घरचा व्हावा आणि शेजारच्या तालुक्याचा गायक परका राहावा, याचा आम्हांस थोडा विषाद वाटतो.

बार्शी आपणांस शेजारचीच. १९४८ पूर्वीं आपला जिल्हा निजामाच्या राज्यांत आणि बार्शी इंग्रजी मुलखांत. तरी सरहद्दीची रेघ बाजारहाटास आडवी आली नाहीं. १९११ सालीं बार्शीची छोटी आगगाडी लातूरपर्यंत आली. अडीच फूट रुंदीचा तो रूळ. पण ढोकी, तेर, येडशी येथील माणसें त्याच गाडीनें बार्शीच्या पेठेंत जात. रझाकारांच्या दिवसांत जीव मुठींत धरून निघालेल्या कित्येक कुटुंबांस बार्शीकडेच आसरा मिळाला.

त्या बार्शींत २० ऑक्टोबर १९१६ रोजीं मेहबूब हुसेन पटेल या मुलाचा जन्म एका गरीब मुसलमान घरांत झाला. गाडीवर क्लीनर, मग गिरणींत कामगार, मग संपाचा पुढारी आणि तुरुंगवास, असें त्याचें तारुण्य गेलें. तुरुंगांतच साम्यवादी विचारांशीं गांठ पडली. पुढें कोल्हापुरास मास्टर विनायक यांच्या स्टुडिओंत असतांना मित्रांनीं त्यांस अमर शेख हें नांव दिलें, आणि तेंच कायम झालें. १९४४ सालीं अण्णाभाऊ साठे व गवाणकर यांच्यासह ते लाल बावटा कलापथकांत उभे राहिले. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह आहेत. चित्रपटांतही त्यांनीं काम केलें. हें सर्व पुस्तकांत मिळतें. आवाज मात्र पुस्तकांत मिळत नाहीं, म्हणून आम्ही वही घेऊन घरोघर निघालों.

एक वृद्ध मिस्त्री संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतील एका सभेस बार्शीस गेले होते. सभेच्या मध्यावरच कर्णा बंद पडला. दुरुस्ती करणारा तारा चाचपीत राहिला. शाहीर थांबले नाहींत. मैदानाच्या कडेस बैल सोडून गाड्यांवर बसलेल्या मंडळींसही शब्दन् शब्द ऐकूं आला, असें मिस्त्री शपथेवर सांगतात. ते म्हणाले, "मास्तर, कर्णा दुरुस्त झाला तेव्हां आम्हांला वाईट वाटलं."

एका आजींची आठवण ‘माझी मैना गावावर राहिली’ या गीताची. गीत अण्णाभाऊंचें, परंतु गांवोगांव तें अमर शेखांच्या कंठानें पोंचलें. गांवीं राहिलेली बायको आणि मुंबईस गेलेला नवरा, यांची ती ताटातूट. आजींचे यजमान त्या वेळीं मुंबईस गिरणींत होते. चळवळीच्या मागण्या आजींस तेव्हां फारशा कळल्या नव्हत्या, असें त्या मोकळेपणानें सांगतात. "पण मैना म्हंजे मीच, एवढं कळलं," असें म्हणून त्या हंसल्या आणि पदरानें डोळे पुसूं लागल्या.

तिसरी आठवण एका निवृत्त शिक्षकांची. १९६२ सालीं चीनचें आक्रमण झालें तेव्हां शाहीर राष्ट्ररक्षणाच्या निधीसाठीं गात फिरत होते. गाणें संपलें आणि झोळी पुढें आली. या विद्यार्थ्याच्या खिशांत वडिलांनीं दिलेले शाळेच्या फीचे पैसे होते. ते त्यानें सर्व झोळींत टाकिले, आणि घरीं येऊन मुकाट्यानें मार खाल्ला. आम्हीं विचारिलें, पश्चात्ताप झाला काय? गुरुजी बराच वेळ थांबून म्हणाले, "वडिलांचा झाला. ते गरीब होते."

या आठवणी एकमेकींशीं पूर्ण जुळत नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. एकास शाहीर धिप्पाड वाटले, दुसऱ्यास बेताच्या उंचीचे. कोणी म्हणतो हातांत डफ होता, कोणी म्हणतो हात मोकळेच होते. आम्हीं कांहींही दुरुस्त केलें नाहीं. ज्यानें जसें सांगितलें तसें लिहिलें. आवाजाविषयीं मात्र कोणाचाच मतभेद आढळला नाहीं.

आतां त्या प्रश्नाकडे वळतों. अमर शेखांच्या पक्षाचें मत आम्ही येथें मांडीत नाहीं; आमचा विश्वास निराळा आहे व तो लपविण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांस लोकगीतांचा वारसा मिळाला तो आपल्या आईपासून. मुनेरबी हें त्या माउलीचें नांव. पहांटे दळतांना ज्या ओव्या या मुलखांतील स्त्रिया म्हणत आल्या, त्याच ओव्यांच्या चालींवर आपल्या आज्यांनींही जात्यापाशीं प्रभु येशूचें आणि मरियामातेचें नांव घेतलें. जातें एकच, पीठ एकच, आणि त्या वेळची भूकही एकच. बार्शीच्या शाहिरांच्या गळ्यांतून जी भूक गात होती, ती आपल्या धर्मग्रामांतील पहिल्या कुटुंबांस अपरिचित नव्हती. त्या वडील सभासदांस आमचें उत्तर एवढेंच आहे. ते आज पहिल्या रांगेंत बसले आहेत. त्यांस तें पटलें कीं नाहीं, हें चहाच्या वेळीं कळेल.

१८ जुलै १९६९ रोजीं अण्णाभाऊ गेले. त्यानंतर सहा आठवडे झाले न झाले तोंच, २९ ऑगस्ट रोजीं, इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातांत अमर शेख गेले. वय अवघें बावन्न. आजी सांगतात कीं, ती बातमी आली तेव्हां त्या परातींत भाकरी थापीत होत्या, आणि तव्यावरची करपली.

आमच्या वहींत सात जणांच्या आठवणी आहेत. त्यांपैकीं दोघे या महोत्सवापूर्वींच देवाघरीं गेले. मिस्त्री आजारी असल्यामुळें आज येऊं शकले नाहींत. आजी आल्या आहेत. मघाशीं त्यांस एखादी ओळ म्हणावयास सांगितली, तर शब्द आठवेनात. त्यांनीं नुसताच सुरुवातीचा तो लांब सूर लाविला आणि दम लागून थांबल्या. वेदीसेवक मुलें शेजारीं खुर्च्या मांडीत होतीं, तीं वळून पाहूं लागलीं.

वही शेवटच्या बांकावर ठेविली आहे. पानें अजून पुष्कळ कोरीं आहेत. ज्यांनीं अमर शेखांस ऐकिलें असेल, त्यांनीं जाण्यापूर्वीं आम्हांस भेटावें. लिहितां येत नसल्यास आम्ही लिहून घेऊं.