गोठ्याचं पाणी : प्यायचं वेगळं, डुंबायचं वेगळं

आज बोलायचंय गोठ्याच्या पाण्यावर.

मी वाकडचा. १९९७ साली गाव महापालिकेत गेलं, त्याआधीचं वाकड म्हणजे शेती, गोठे आणि मुळा नदी. शेजारी हिंजवडी. दुपारी आण्णा म्हशी नदीवर सोडायचे. म्हशीला घाम कमी येतो, कातडी काळी, त्यामुळं पाण्यात बसणं हा तिचा लाड नाही, ती तिची गरज आहे.

पुढं नदीत सांडपाणी आलं, उन्हाळ्यात जलपर्णी पसरायला लागली. मग आम्ही ओढ्याकडच्या खोलगट वावरात तळं खणलं. कडेला पाणकणीस वाढलं, बगळे आले. म्हशी तिथंच डुंबायच्या, तिथंच प्यायच्या आणि शेणही तिथंच टाकायच्या. आम्हाला वाटलं, बरं झालं, पाणी भरायचा त्रास वाचला!

दुसऱ्या वर्षी आमची चंद्री आटायला लागली. शेण पातळ, अंग खंगलेलं, जबड्याखाली सूज. आम्ही चारा बदलून बघितला, त्यात महिना गेला. डॉक्टरांनी शेण तपासलं तेव्हा कळलं, लिव्हर फ्लूक. म्हणजे यकृतातले चपटे कृमी. उशीर झाला होता. चंद्री गेली.

हे होतं कसं ते नीट ऐका. कृमीची अंडी शेणातून पाण्यात जातात. त्यातनं निघालेली पिल्लं पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात, मग बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात. ते गवत म्हशीनं खाल्लं की परत तिच्या यकृतात. आम्ही तर काठचं हिरवं गवत कापून हौसेनं गव्हाणीत टाकत होतो!

सगळे म्हणाले, तळं बुजवा. आम्ही नाही बुजवलं. ते पाणी जमिनीत मुरतं, त्यावर खालच्या अंगाची आमची विहीर टिकते. बदललं ते एवढंच : तळ्याला कुंपण घातलं. डुंबायला एकाच बाजूनं दगड-मुरुमाचा उतार, म्हणजे काठ तुडवला जात नाही. काठचं गवत वैरणीला बंद. पावसाळ्याआधी आणि नंतर शेण तपासायचं, मग डॉक्टर सांगतील ते जंताचं औषध.

प्यायचं पाणी विहिरीचं, सावलीतल्या हौदात. दुभती म्हैस उन्हाळ्यात दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर सहज पिते. दुधात ८० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, तेव्हा पाण्यात कसर केली की दुधात दिसतेच. हौद आठवड्याला घासायचा आणि आतनं चुना मारायचा, शेवाळ धरत नाही. पाणी घाण असेल तर जनावर कमी पितं, आणि आपण दोष देतो पेंडीला.

आण्णा अजून म्हणतात, चंद्री महिनाभर सांगत होती, आपणच ऐकलं नाही.

तर आज धार काढायच्या आधी एक करा. हौदाच्या तळाला हात फिरवून बघा. बुळबुळीत लागलं, तर पहिलं काम तेच.

भेटू पुढच्या भागात. रामराम!