पुण्याच्या वेदांगीची जगप्रदक्षिणा

करंजाड्यात पहाटे सायकल काढणाऱ्या मैत्रिणींनो,
आजची गोष्ट खास तुमच्यासाठी.

पुण्याची वेदांगी कुलकर्णी.
जुलै 2018 मध्ये ती पर्थहून निघाली.
सायकलवरून जगप्रदक्षिणेला.
बहुतेक वाट एकटीनंच.

कॅनडात अस्वल मागे लागलं.
ती थांबली नाही.
स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं.
ती थांबली नाही.
रशियात बर्फात रात्री काढल्या.
तरीही ती थांबली नाही.

डिसेंबरात ती कोलकात्याला पोहोचली.
159 दिवसांत सुमारे 29 हजार किलोमीटर.
म्हणजे रोज, करंजाड्याहून पुणं गाठून आणखी बरंच पुढे.
तेव्हा ती होती फक्त 20 वर्षांची.

तर मैत्रिणींनो,
उद्या घाट लागला, दम लागला,
तर वेदांगीला आठवा.
ती थांबली नाही.